मीठ घातलं, ऐकलं

कुंभकोणमात कुणाला निवांतपणे चूक करायची असेल तर त्याने ती माझ्या थोरल्या मेहुणीच्या घरी जाऊन करावी. साऱ्या गावात याहून सोयीची जागा नाही. दूध उतू घालवा, कॉफीचा पितळी डवरा पायावर पाडून घ्या, दुसऱ्याच्या चपला घालून बसस्टँडपर्यंत जाऊन या, अक्का तुम्हाला पाटावर बसवतील, फिल्टरची कॉफी पुढे ठेवतील आणि डोळे बारीक करून म्हणतील, "सरी, बरं, आतां कसं झालं तें सांगा पाहूं." त्या घरात 'कसं झालं' एवढंच विचारता येतं, 'कोणी केलं' विचारायला बंदी आहे. एकदा ओट्यावरचं दही सांडलेलं पाहून माझी बायको सवयीने ओरडली, "कोणी सांडलं हें?" मांजर समोर मिशा चाटत बसलं होतं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "कोण तें कळून काय करतेस गे? मांजराला रागें भरशील? खिडकी उघडी कशी राहिली तें विचार." मग त्या दोघी बहिणी पाऊण तास खिडकीच्या कडीबद्दल बोलत होत्या आणि मांजर उरलेलं दही खात होतं.

हा नाद त्यांनी इस्पितळातून आणला. इथल्या एका खासगी इस्पितळात त्या मेट्रन होत्या. सुरुवातीच्या काळात, त्याच सांगतात, तिथे चुका होतच नसत, कारण कुणी सांगतच नसे. मोठे डॉक्टर असे गरजत की फुटलेल्या थर्मामीटरचे तुकडे आपोआप गटारात पोचायचे. पुढे दिवस बदलले. बाहेरून तपासणारे लोक आले, नव्या रीती आल्या. पाळी बदलताना एकीने सांगायचं आणि दुसरीने तेच परत म्हणून दाखवायचं. औषध देण्याआधी रोग्याच्याच तोंडून त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव वदवून घ्यायचं. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून, काय काय होता होता वाचलं ते मोकळेपणाने बोलायचं. अक्कांनी पहिल्यांदा या सगळ्याला नाक मुरडलं. "बापाचं नांव विचारायला इथें सोयरीक जमवायची आहे कां?" असं त्या तपासणाऱ्यांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या.

मग एके सकाळी शेजारशेजारच्या खाटांवर दोन स्वामीनाथन आले. स्वामीमलैचं देऊळ इतकं जवळ, तिथल्या स्वामीनाथ देवाचं नाव घराघरात. यात नवल काहीच नव्हतं. अक्का बापाचं नाव न विचारताच सुई घेऊन एका स्वामीनाथनचा दंड पुसू लागल्या आणि तो बिचारा म्हणाला, "अम्मा, मी आज घरी चाललो ना?" अक्कांचा हात तिथेच थांबला. ती सुई शेजारच्याची होती. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. पण त्या आठवड्याच्या बैठकीत अक्का स्वतः उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी गरजण्यासाठी तोंड उघडलं, मोठ्या कष्टाने मिटलं आणि विचारलं, "एका नावाची दोन माणसं शेजारी ठेवली कशी गेली?" अक्का म्हणतात, नोकरीतलं सगळं शिक्षण त्यांना त्या एका प्रश्नात मिळालं.

इथपर्यंत ठीक होतं. पण निवृत्त झाल्यावर अक्कांनी इस्पितळ घरी आणलं. माझे साडू, ज्यांना सगळे रावजी म्हणतात, रक्तदाबाची गोळी घेतात. ती रोज संध्याकाळी अक्काच देतात आणि देण्याआधी ताठ उभ्या राहून म्हणतात, "नांव सांगा."

"गोपाळराव."

"वडलांचं?"

"तुझे सासरे गे ते! त्यांच्या हातचे लाडू खाल्लेस तूं!"

"नांव सांगा."

"भीमराव," रावजी हात जोडून म्हणतात, आणि मग गोळी मिळते. आपला नवरा आपलाच आहे याची रोज खात्री करून घेणारी दुसरी बायको मला माहीत नाही.

आता माझ्याकडे येतो. मी लग्नामुंजींच्या आणि श्राद्धपक्षाच्या स्वयंपाकाची कंत्राटं घेतो. इथल्या तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांतून सोवळं अजून चांगलंच टिकून आहे, आणि नैवेद्य झाल्याशिवाय पळीभर आमटीही चाखायची नाही हा नियम कडक. त्यामुळे आमच्या आचाऱ्यांचं सगळं कसब नाकात. माझे मुख्य आचारी वेंकोबामामा झाकण उचलायचे, हाताने वाफ नाकाकडे ओढायचे आणि सांगायचे, "मीठ थोडं कमी आहे." पानं मांडल्यावर कळायचं, थोडंच कमी होतं. चोळपुरम्‌पासून आडुतुरैपर्यंत लोक त्या नाकाच्या भरवशावर मुहूर्त धरत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

ते नाक एका तापानंतर बिघडलं. आम्हाला कुणालाच कळलं नाही. कळला तो फक्त परिणाम. एका साखरपुड्याला सांबारात मीठ दोनदा पडलं. एका श्राद्धाला फोडणीतला हिंग जळून काळा झाला, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला आणि मामा शेजारी शांत उभे. पितर काही बोलत नाहीत, पण जेवायला बसलेले ब्राह्मण बोलले, आणि बरंच बोलले. माझा आवाज आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे; मांडवात माइक बंद पडला तर मला बोलावतात. तो आवाज मी पूर्णपणे वापरला. प्रत्येक वेळी सगळे खाली बघत आणि मामा सगळ्यांत खाली. शेवटी मी घरात सांगून टाकलं की पुढच्या मुहूर्तांना मुख्य चूल सेतूकडे द्यायची आणि मामांना घरी बसवायचं. सेतू म्हणजे मामांच्या हाताखाली तयार झालेला आमचा दुसरा आचारी. चुलीशिवाय मामा काय करणार हे मलाही दिसत होतं, पण लोकांचं जेवण नासवून दया कशी करायची?

बायकोने ही बातमी बहिणीला पोचवली आणि दुसऱ्याच दिवशी अक्का माझ्या भटारखान्यात हजर. "चूल मागाहून काढून घ्या," म्हणाल्या, "आधीं मला मंगळवार द्या." मंगळवारी आमच्याकडे मुहूर्त नसतात, भांडी घासून सगळे रिकामे असतात. अक्कांनी सगळ्यांना गोल बसवलं, कॉफी वाटली, मला कोपऱ्यात बसवून बोलायचं नाही अशी ताकीद दिली आणि म्हणाल्या, "चुकतां चुकतां काय वाचलं तें ज्यानें त्यानें सांगायचं." कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. लोक कॉफी पिऊन घरी जात. मी म्हटलं, अक्का, हे इस्पितळ नाही, इथे जास्तीत जास्त पापड करपतो. अक्का म्हणाल्या, "भीति दोन्हीकडे एकच. लपवलेली चूक तिथें रोगी खातो, इथें पाहुणे खातात."

मग एका मंगळवारी त्यांनी स्वतःच्या स्वामीनाथनची गोष्ट सांगितली, हात थांबला ती जागा, सुई, सगळं. मेट्रनबाईंच्या हातूनही असं होतं हे ऐकून भटारखाना चकित झाला. आणि मामा कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाले, "अक्का, हिला वास आहे कां? मला नाहीं येत. तापापासून नाहीं येत."

कोपऱ्यात माझं तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मामांकडे वळून, मांडी घालून, जवळ बसून विचारलं, "मग इतके दिवस कसं केलंत, मामा?" मामा रडले. पंगतीला हजार पानं वाढणारा माणूस, पदराने डोळे पुसावेत तसा पंच्याने पुसत होता. मुख्य चुलीवरून उठायची तयारी असल्याचं ते आपणच बोलून गेले. अक्का म्हणाल्या, "उठायचं काय काम? नाक सेतूचं, हात तुमचा. सांगायचं आणि परत म्हणायचं."

तेव्हापासून माझ्या भटारखान्यात मामा मिठाची मूठ सोडताना मोठ्याने म्हणतात, "मीठ घातलं!" आणि सेतू पलीकडून ओरडतो, "मीठ घातलं, ऐकलं!" मग सेतू वाफ हुंगून सांगतो आणि मामा ते परत म्हणतात. मांडवातल्या पाहुण्यांना वाटतं, आत कुणी संथा देतंय. एका यजमानांनी तर वैदिकांची दक्षिणा वेगळी लागेल का म्हणून विचारलं. पण सांबार पुन्हा सांबारासारखं झालं, सेतू मामांचं अर्धं कसब शिकला, आणि माझा आवाज आता फक्त माइक बंद पडल्यावरच लागतो. धंद्यात मी यंत्रं आणली, गॅसच्या मोठ्या शेगड्या आणल्या. पण खरी नवी गोष्ट आली ती मंगळवारच्या कॉफीतून, हे कबूल करायला हवं.

मध्यंतरी एका मंगळवारी अक्का उशिरा आल्या. नेहमीची मधली जागा सोडून दाराजवळ बसल्या. कॉफी घेतली नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "मला सांगायचं आहे. काल ह्यांना गोळी दोनदां दिली मी."

रावजी ठीक होते. सकाळी चक्कर येऊन आडवे झाले होते, डॉक्टर येऊन बघून गेले होते. पण अक्कांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. गेल्या काही महिन्यांत त्या किल्ल्या विसरत, शेजारणीचं नाव विसरत. आम्ही हसून सोडून देत होतो. मामांनी कप उचलून त्यांच्या पुढे ठेवला आणि विचारलं, "कसं झालं, अक्का?"

"नांव विचारलं. वडलांचं विचारलं. दोन्ही खेपेला बरोबर सांगितलं ह्यांनीं. घेतली आहे म्हणून बोललेच नाहींत. कां म्हणून विचारलं, तर म्हणतात, तुला विचारायला आवडतं गे, मी कशाला मोडता घालूं." अक्कांनी कप बाजूला सारला. "मामा, माझ्या हातून औषध नको आतां. दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा."

"माझं नाक गेलं तेव्हां तुम्ही मला चुलीवरून उठूं दिलंत कां?" मामा म्हणाले. "मग तुम्ही कशा उठता?"

आता रावजींनाही मीठ शिकवलं आहे. संध्याकाळी बाजारातून परतताना माझी वाट अक्कांच्या दारावरून जाते. आतून अक्कांचा आवाज येतो, नाव, वडलांचं नाव, सगळं पहिल्यासारखं, आणि मग, "गोळी दिली." त्यावर रावजींनी म्हणायचं असतं, "गोळी घेतली, ऐकलं." पुन्हा विचारलं तर नाव सांगायचं नाही, एवढंच परत म्हणायचं. कधी अक्का मध्येच थांबतात. तेव्हा रावजी न विचारताच आपलं नाव सांगतात, वडलांचं सांगतात आणि पुढचं सुचेपर्यंत वाट बघतात. मीही बाहेर स्कूटर बंद करून उभा राहतो. दोन्ही आवाज ऐकू आले की मगच घरी जातो.