फुलांच्या चौकटीतला फोटो

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका. मी सहसा चुकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चुकले ती एकदाच, आणि अशी चुकले की सगळ्या माहेराने मला हात जोडले!

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून अक्षरं शिकले. त्याच मी सत्तरीत देवाचं पुस्तक काढलं. अभंग संतांचे, खालचा अर्थ माझा. शिंदखेड्याचा माझा धाकटा भाऊ म्हणाला, अक्का, अर्थ सांगायला महाराज मंडळी आहेत की. झालं, अबोला! म्हटलं, पुस्तक वाचून हा आपल्या पायाने माझ्या दारी येईल, तेव्हाच बोलेन.

पहिल्या पानावर मी माझा मोठा फोटो टाकायला लावला. भोवती फुलांची चौकट, खाली नाव आणि ‘सप्रेम भेट’. आमचे हे म्हणाले, फोटो कशाला? त्यांना कोण विचारतंय?

मग निघाले वाटायला. जळगावात सोनं घ्यायला आलेल्या बायांना अडवून दिलं, रिक्षावाल्यांना दिलं. धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याच्या एसटीत चढले आणि सीटसीटला एक दिलं. कंडक्टर काही बोलायला गेला, त्यालाही दिलं.

आणि लोकांचा मान काय सांगू! फुकट कागद देणाऱ्याला माणूस टाळतो ना? माझं पुस्तक उघडलं की माणूस गप्प. फोटो कपाळाला लावायचे. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली. मी मनात म्हटलं, लेखिका म्हणतात ती ही!

उन्हामुळे मी पदर नाकापर्यंत बांधला होता. जळगावात एकीने फोटोकडे बघत हळूच विचारलं, "माय, तुमची बहीण का हो? डोळे अगदी तसेच."

पदर खाली ओढून मी म्हटलं, "मीच ती."

बाई भाजीची पिशवी तिथेच टाकून पळाली. मोठ्या माणसासमोर बुजतात बायका, मी समजले.

चौथ्या दिवशी दारात जीप थांबली. भाऊ, वहिनी, मागे चार नातेवाईक. भाऊ थेट ओट्यावर बसलेल्या आमच्या ह्यांच्या अंगावर गेला. बहीण गेली आणि माहेरला कळवलंसुद्धा नाही? पुस्तकं वाटायला तेवढा वेळ मिळाला?

हे शांतपणे म्हणाले, "कुठे गेली? आत पापड लाटतेय."

मी लाटणं घेऊन बाहेर आले. वहिनीने किंकाळी फोडली. भाऊ खांबाला धरून म्हणाला, "अक्का, जित्ती शे तू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे फुलांच्या चौकटीतला फोटो घालून देवाचं पुस्तक फुकट कोणाच्या नावाने वाटतात? गेलेल्या माणसाच्या! उत्तरकार्याला! हे केस काय उन्हाने पांढरे झाले होते, एवढं सुचू नये?

पण मी हार मानणारी नाही. म्हटलं, आलाच आहेस तर सांग, माझा अर्थ कसा वाटला?

"अर्थ?" भाऊ म्हणाला. "बठ्ठा लोकेस्नी फोटोले हात जोडात नि पुस्तक देव्हारामा ठेवी दिधं. फोटोना पुढे कोनी गयंच नही, अक्का. असं पुस्तक तू तरी वाचस का?"

मी ताडकन उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आतल्या देव्हाऱ्याकडे नजर गेली. गेलेल्या काका-मामांची अशी पुस्तकं तिथे चळत लावून ठेवलेली. एकाचंही दुसरं पान मी उलटलेलं नव्हतं.