अपघातानंतरचा नमस्कार

त्या अपघाताची आठवण निघाली की मला आधी हसू येतं, आणि मग हसल्याची थोडी लाज वाटते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सीमेवरून इकडे येणारी चोरटी दारू ड्रमच्या ड्रम ओतली. तरी निवृत्तीनंतर कोणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की तोंडात हीच येते. एवढ्या वर्षांत फक्त या एका तपासात मला बायकोची मदत घ्यावी लागली, आणि ती गोष्ट ती अजून विसरू देत नाही.

तेव्हा मी डहाणू तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी फोन आला की रानशेतजवळच्या वळणावर मोठा अपघात झालाय. महामार्गाकडून येणारी एक काळी, दांडगी गाडी समोरून येणाऱ्या चिकूच्या टेंपोवर आदळली होती. टेंपो उलटून शेतात पडलेला, गाडीचं तोंड आत गेलेलं. टेंपोवाल्याला लोकांनी पत्रा वाकवून बाहेर काढलं होतं. डोक्याला जबर मार, पाय मोडलेला. त्याला आधी डहाणूला नेलं आणि तिथून गुजरातेतल्या मोठ्या हॉस्पिटलात. तो वाचेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

रस्त्यावर चिकूचा सडा पडला होता आणि बघ्यांची ही गर्दी. मी एकेकाला विचारत गेलो. एक म्हणाला, मी आत्ताच आलो. दुसरा बैल बघत होता. टपरीवाला म्हणाला, साहेब, मी भजी तळत होतो, तेलावरून नजर हलवता येते का? एवढ्या लोकांत कोणी काही पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या पिशवीत चिकू होते. हवालदाराने एकाला पिशवीबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, पुरावा गोळा करतोय.

गाडीशेजारी चालक हात जोडून उभा होता. रानशेतच्याच एका पाड्यावरचा, किरकोळ अंगाचा, तिशीतला माणूस. गाडी तलासरीकडच्या एका शेठची, जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकणाऱ्या. हा त्यांच्याकडे नोकरीला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "साहेब, मीच एकटा होतो गाडीत. डुलकी लागली." लायसन खिशातून काढून तयारच ठेवलं होतं.

माझा हवालदार खूश झाला. आरोपी जागेवर, कबुली तोंडावर, पंचनामा उरकला की घरी जेवायला. पण पोलिसाला कुठलीही गोष्ट ताटात वाढून मिळाली की घास घेण्याआधी तो वास घेतो. गाडीची एअरबॅग फुटलेली, काचेचा चुरा पार मागच्या सीटपर्यंत गेलेला, आणि या माणसाच्या केसांत एक कण नाही. अंगावर ओरखडा नाही. म्हणाला, महालक्ष्मीची कृपा. देवीची कृपा मीही मानतो, पण ती इतकी नीटनेटकी नसते. कुठेतरी पाणी मुरत होतं. मात्र कबुली होती आणि तिच्याविरुद्ध बोलणारं कोणी नव्हतं. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, शेठच्या वकिलाने जामीन घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. चाळिशीचे, चष्मा, शर्ट खोचलेला. डहाणू रोडला रेल्वेत पार्सल क्लार्क. साप्ताहिक सुट्टी होती म्हणून विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन परत येताना त्याच वळणावरच्या टपरीवर चहाला थांबले होते. म्हणाले, मी अपघात पाहिला, मला जबाब द्यायचाय. मी त्यांना स्वतःची खुर्ची द्यायचीच काय ती बाकी ठेवली. हवालदाराने कागद घेतला आणि क्लार्कसाहेबांनी सुरुवात केली.

"आधी निळा प्रकाश पसरला. मग आकाशातून तपकिरी गोळे कोसळायला लागले. मग मालक निघून गेला आणि त्याच्या जागी बदली आला."

हवालदाराचा पेन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या मायेने विचारलं की झोप वगैरे नीट लागते ना, काही गोळ्या चालू आहेत का. गृहस्थ दुखावले. "साहेब, मी रेल्वेत आहे," म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

मग उलगडा झाला. ते मोबाइलवर एक मालिका बघत होते. कानात इअरफोन, त्यामुळे अपघाताचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. समोर दोन गाड्यांचा चुराडा झाला, तोही मालिकेच्या संगीतावर. नंतरही त्यांची नजर कधी मोबाइलवर, कधी रस्त्यावर, कारण मालिका ऐन रंगात आली होती. मालिका पुढच्या काळातली. सूर्य विझत आलेला, माणसं जमिनीखाली राहतात, आणि प्रत्येक श्रीमंताच्या घरी कपाटात एक 'बदली' माणूस ठेवलेला असतो. मालकाने गुन्हा केला की निळा प्रकाश पडतो, बदली त्याच्या जागी उभा राहतो आणि शिक्षा भोगतो. मालक घरी जाऊन जेवतो.

ते गेल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, याला कोर्टात उभा केला तर आरोपी सुटेल आणि आपण दोघं आत जाऊ."

मी मात्र पुन्हा वळणावर गेलो. टेंपोची निळी ताडपत्री झाडात अडकून फडफडत होती. निळा प्रकाश सापडला. तपकिरी गोळे तर अर्धा तालुका घरी नेऊन खात होता. म्हणजे बुवा खोटं बोलत नव्हता, फक्त त्याने पाहिलेलं आणि बघत असलेलं एकत्र कालवलं गेलं होतं. डाळ-तांदूळ एकदा मिसळले की निवडायला कोणीतरी मांडी घालून बसावं लागतं. मालिका कोणी पाहिली आहे, असं मी ठाण्यात विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले, कारण ड्युटीवर पाहिली असती तर कबूल कोण करणार?

संध्याकाळी क्वार्टरवर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या बायकोला मी हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "अहो, ती मालिका माझी दोनदा बघून झालीय. तुम्हाला काय वाटतं, मी दुपारी झोपते?"

मी तीस वर्षं लोकांच्या घरात काय चालतं ते शोधून काढत होतो, हे विशेष.

तिनेच मार्ग काढला. म्हणाली, जे जे मालिकेत आहे ते त्याच्या सांगण्यातून काढून टाका. जे उरेल ते त्याने रस्त्यावर पाहिलं. इतका सरळ तपास मला प्रशिक्षणात कोणी शिकवला नव्हता. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर. पडदा एवढा काळा की पहिल्या भागात मला वाटलं टीव्हीच बिघडलाय. सारखी माणसं मरायची आणि मी विचारायचो, पंचनामा कुठे आहे? याचा जबाब कोणी का घेत नाही? तिने मला बजावलं की गप्प बसायचं नसेल तर ठाण्यात जाऊन बसा. बायकोसमोर मी कधी एवढा गप्प बसलो नव्हतो. आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी शांतता समितीच्या बैठकीत मंडपाच्या परवानगीवर वाद चालला होता आणि माझं सगळं लक्ष कपाटातल्या बदलीचं पुढे काय होतं याकडे. तोंडदेखली दोन वाक्यं बोलून मी घरी पळालो.

शेवटचा भाग बाकी असताना आम्ही हिशोब मांडला. मालक मागे न बघता निघून जातो, हे मालिकेत होतं. काढून टाकलं. बदली पांढराफटक पडलेला, तेही होतं. क्लार्क म्हणाला होता की बदली शेताच्या बांधावरून धापा टाकत आला. बायको म्हणाली, मालिकेतले बदली धापा टाकत नाहीत. ते ठेवलं. मग मी जबाबातलं शेवटचं सांगितलं: फुटलेल्या गाडीत बसण्याआधी बदलीने गोल यंत्राला हात लावला, तो कपाळाला लावला आणि यंत्राची आज्ञा घेतली.

"हे नाही हं," ती म्हणाली. "मालिकेत असलं कोणी काही करत नाही."

मी खुर्चीतून उठलोच. आमच्या जीपचा चालक रोज सकाळी हेच करतो. एसटीवाला करतो, रिक्षावाला करतो. गाडीत पाय ठेवताना स्टिअरिंगला हात, मग कपाळाला. ज्याचं पोट त्या चाकावर चालतं तो विसरत नाही. पण हा नमस्कार गाडी सुरू करण्याआधीचा असतो. गाडी टेंपोवर घालून, माणूस मोडून झाल्यावर कोण नमस्कार करून गाडीत बसतो? ज्याची ड्युटी तेव्हा सुरू होतेय, तोच.

दुसऱ्या दिवशी चालकाला बोलावून घेतलं. खोलीत घेऊन दरडावण्यात अर्थ नव्हता. घाबरलेला माणूस पाठ केलेलंच पुन्हा म्हणतो. मी म्हटलं, आमचा ड्रायव्हर रजेवर आहे, जरा जीप सावलीत लाव. त्याने चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि मग किल्ली फिरवली. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. उतरल्यावर विचारलं, हे दिवसातून कितीदा करतोस? म्हणाला, एकदाच साहेब, गाडीत पहिल्यांदा बसताना.

"मग त्या दिवशी अपघात झाल्यावर का केलास?"

चपलाही घातल्या नाहीत त्याने, तसाच तापलेल्या अंगणात उभा राहिला. मी त्याला सावलीत बसवून पाणी दिलं आणि विचारलं की टेंपोवाल्याचं तुला काय सांगितलंय. म्हणाला, थोडं खरचटलंय. मी त्याला सरळ सांगितलं की तो माणूस अजून शुद्धीवर नाही, तो गेला तर कलम बदलेल, तू तुरुंगात जाशील आणि ज्या लायसनवर तुझं घर चालतं ते परत हातात येईल याची खात्री नाही. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या पाड्यावर मोठ्या गाडीचं लायसन काढणारा तो पहिला होता. ते हातात आलं तेव्हा आईने देवापुढे ठेवलं होतं म्हणे.

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी तो रजेवर, घरीच होता. शेठच्या मुलाने गाडी ठोकली आणि याला फोन केला. लोक टेंपोभोवती, आणि उरलेले चिकूभोवती, त्यामुळे गाडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मुलगा मागून आलेल्या मित्राच्या गाडीतून पसार झाला. याला सांगितलं, नुसतं सीटवर बसून राहा, सही कर, दोन तासांत घरी. हा बांधावरून धावत आला आणि सवयीने नमस्कार करून बसला. मला त्या मुलाचा संताप आला आणि याचाही आला. म्हटलं, बाबा, एकदा विचारायचंस तरी! म्हणाला, शेठ सांगतात ते विचारायचं नसतं.

मी शेठला मुलासह बोलावलं. शेठ हसतमुखाने आले आणि गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "काय आहे ने साहेब, पोरगा तर त्या दिवशी घरीच होता, बराबर बारा वाजल्यापासून." पोरगा मान वाकडी धरून बसला होता. मानेला काय झालं विचारलं, तर म्हणाला, बाथरूममध्ये पडलो. त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत रुंद, तिरका, काळानिळा वळ आहे. मी शेठना विचारलं, तुमच्या बाथरूमला सीटबेल्ट असतो का? आणि तोही ड्रायव्हरच्या बाजूचा? हवालदाराला खोकल्याची मोठी उबळ आली, तो बाहेर गेला.

शेठचं हसू गेलं. ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या चालकाकडे वळले. आवाज चढवला नाही, रोज गाडी काढायला सांगत असतील तसंच म्हणाले, "अरे, तू सांग ने साहेबांना. गाडी तूच चालवत होता."

बंद खोलीत खरं बोललेली माणसं मालकासमोर पुन्हा खोटी होताना मी कितीदा पाहिली आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर करायला कोण धजतं? हा आत्ता फिरला असता तर पट्ट्याच्या वळावर आणि तपकिरी गोळे पाहणाऱ्या साक्षीदारावर मी कोर्टात किती टिकलो असतो? चालकाने मान वर करून शेठकडे पाहिलं.

"नाही शेठ. मी नव्हतो."

एवढंच म्हणाला.

टेंपोवाला वाचला, लंगडतो पण चालतो. आरोपपत्र शेठच्या मुलावर गेलं. क्लार्कसाहेबांनी कोर्टात फार स्वच्छ साक्ष दिली. फक्त वकिलाने मालिकेबद्दल खोचकपणे विचारलं तेव्हा ते म्हणाले, आधी बघून घ्या, मग बोलू. चालकाची नोकरी अर्थातच गेली. आता तो रानशेत ते डहाणू रोड सवारीची जीप चालवतो.

या केसने मला शिकवलं ते असं. खोटं बोलणाऱ्याला पकडणं आमचं कामच आहे, त्यात मोठेपणा नाही. पण दुसऱ्याचं खोटं अंगावर घेऊन मुकाट उभा राहणारा माणूस आमच्या कागदांत आरोपी म्हणूनच दिसतो, आणि कागद पूर्ण झाला की आपण जेवायला जातो. त्याला उगाच दोन प्रश्न जास्त विचारावेत.

शेठ ठाण्यात येऊन गेले त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही मालिकेचा राहिलेला भाग पाहिला. अंधार, धूर, बदल्यांची रांग, आणि संपलं. मला राग आला. बायकोला म्हटलं, एवढ्या सगळ्या भागांत एकही बदली मालकाला 'नाही' म्हणत नाही? ती शेंगांची टोपली उचलत म्हणाली, पुढच्या सीझनमध्ये म्हणेल कदाचित.

मी म्हटलं, "आमच्याकडे आज दुपारीच म्हणाला."