अकोल्यातली अभिप्रायाची वही

चहा होईपर्यंत सांगूनच टाकते, कारण हा किस्सा बाबांनी निम्म्या अंजनगावाला सांगून झालाय. त्यांच्यापेक्षा मी बरा सांगेन. निदान मधेच हसून ठसका लागणार नाही.

मला अकरावीला पुण्याला जायचं होतं. माझी चुलत बहीण तेजूताई तिथे नोकरी करते, राहायची सोय तिच्याकडेच होती. मार्कांची भीती नव्हती. भीती माझ्या तोंडाची होती, ते उघडत नाही म्हणून. मागच्या वर्षी मी अंजनगावला उतरायचं सोडून दर्यापूरला उतरले. का, तर दारात गर्दी होती आणि "जरा सरका" म्हणायला मला जमलं नाही. बाबांचं म्हणणं एकच, "जे पोरगी बसमधून उतरू शकत नाई, ते पुण्यात काय करन?"

उन्हाळ्यात तेजूताई आली आणि तिने तोडगा काढला.

"काका, आम्ही दोघी दोन दिवस अकोल्याला फिरून येतो. रिक्षा ही ठरवेल, रस्ता ही विचारेल, जेवण ही मागवेल. मी तोंड उघडणार नाही. जमलं तर पुणे."

"अन् नाई जमलं त?"

"तर अंजनगावचं कॉलेज."

मे महिन्यात अकोल्याला फिरायला कोण जातं, असं तुम्ही विचाराल. कोणीच नाही. मे महिन्यात लोक अकोल्यातून बाहेर पळतात. पण परीक्षेचं केंद्र आपल्याला निवडता येतं का?

मी वहीत दोन दिवसांचा आराखडा केला, शाईच्या पेनाने, समास आखून. पहिल्या दिवशी राजराजेश्वराचं मंदिर आणि असदगड, दोन्ही नऊच्या आत, नंतर उन्हात दगड हात लावू देत नाहीत. पहिल्या रिक्षावाल्याला मी पत्ता लिहिलेली चिठ्ठी दाखवली. ताईने नुसती मान हलवली. बाद. दुसऱ्याला मी "किल्ला" एवढा एक शब्द बोलले. ताईने वहीत अर्धा गुण दिला. संध्याकाळी मुक्कामाला अकोल्यातल्या मावशीच्या घरी बेरीज केली तर वीसपैकी साडेतीन.

म्हणजे सगळी मदार दुसऱ्या दिवशीच्या जेवणावर.

त्याची माहिती माझ्या वर्गातल्या सनाने दिली होती. तिचं आजोळ अकोल्याचं. "बोर्ड नको ढूंढू, बोर्ड हैच नहीं," ती म्हणाली होती. "मशिदीच्या मागच्या गल्लीत घरासमोर हिरवा मांडव. दारात मालकांच्या आजोबांचा हार घातलेला फोटो. त्यांनीच खानावळ चालू केली ना. सीधा अंदर घुस. आणि वांग्याची भाजी सोडू नको."

मशिदीमागच्या गल्लीत हिरवा मांडव होता. दारात आजोबांचा फोटो होता. हार ताजा होता. मी म्हटलं, काय स्वच्छता आहे, रोज हार बदलतात.

दारातच पांढऱ्या साडीतल्या एक काकू पुढे आल्या. "या बाई. कुठून आल्या?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने आकाशाकडे पाहिलं.

"अंजनगावहून," मी म्हणाले. आणि तो आवाज माझाच होता.

"अंजनगावहून? एवढ्या उन्हाच्या?"

"मुद्दाम आलो. खूप ऐकलं होतं."

काकूंचे डोळे भरून आले. "आबाजीचं नावच तेवढं होतं, माय. आमी कोनाले पत्रिका नाई देल्ली. लोक एकमेकाले सांगूनच आले."

मी मनात नोंद केली, जाहिरातीशिवाय चालणारा व्यवसाय. आणि एकदा तोंड उघडलं की मग ते आवरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही पंगतीत बसलो. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, कढी, वडे, बुंदी. वाढणाऱ्या दादांना मी विचारलं, "थाळीत सगळं कितीही वेळा मिळतं का?"

त्यांनी जरा माझ्याकडे पाहिलं. "पोट भरेपावतर घे ना, बाई. लाजू नको."

लाजू नको, असं मला लोक जन्मापासून सांगतात. मी पहिल्यांदाच ऐकलं. भाजी तीनदा मागितली. कढी गार आहे, जरा गरम मिळेल का, असंही म्हणाले. ती गरम करून आली. तेवढ्यात ताईने माझा पाय दाबला. मला वाटलं, शाबासकी. म्हणून मी शेजारच्या आजींना विचारलं, "तुम्ही इथे नेहमी येता का?"

आजी म्हणाल्या, "आबाजी होते तवा रोजच येत होती."

"आता चव बदलली का?"

ताईने पाय आणखी जोरात दाबला. मी स्वतःला मनातल्या मनात दहा गुण दिले.

निघताना दाराशी एक काका टेबल टाकून बसले होते. मी विचारलं, "किती द्यायचे?"

त्यांनी हातच जोडले. "काई नाई, बाई. तुमी इतक्या दुरून आल्या तेच लय झालं. या वहीत दोन ओळी लिहून जा. नाव, गाव, फोन टाका."

इथे तरी मला कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बाबाही तेच म्हणतात. पण गुण जास्तीचे मिळत असतील तर कोण पेपर परत तपासायला देतं? मला वाटलं, पहिल्यांदा येणाऱ्यांना मोफत असेल. मागची पानं चाळली असती तरी वाचले असते. पण दुसऱ्यांनी लिहिलेलं असं उभ्या उभ्या वाचू नये, अशी मला शिस्त आहे. कोरं पान काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. ताई तोवर माझी बाही ओढत होती. मी तरी शेवटची ओळ पूर्ण केली, खाली पूर्ण नाव, आणि बाबांचा नंबर.

गल्लीच्या वळणावर ताईने दोन दिवसांचं मौन सोडलं. "अगं, तेरवीचं जेवण होतं ते."

समोर, पुढच्या गल्लीत, दुसरा हिरवा मांडव होता. दारात दुसरे आजोबा. आतून एक जण विचारत होता, "थाळी का स्पेशल थाळी?"

परत जाऊन माफी मागावी, असं ताई म्हणाली. बरोबर होतं. पण आयुष्यभराचं बोलणं मी त्या पंगतीत संपवलं होतं. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. शेवटी ताईच गेली. येऊन म्हणाली, मांडवात आता दुसरी पंगत बसलीय, काकांपुढे रांग आहे, तिलाही धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी बाबांना फोन आला. आबाजींचे मुलगे. त्यांनी वहीतल्या पानाचा फोटोही पाठवला. बाबांनी आईला हाक मारली, ताईला बसवलं, मला समोर उभं केलं आणि चष्मा लावून वाचलं:

"वांग्याची भाजी उत्तम. कढी अजून गरम हवी. आग्रह करून वाढतात. पुन्हा सहकुटुंब यायला आवडेल. आजोबांनी सुरू केलेली ही परंपरा घरातल्या प्रत्येकाने अशीच पुढे चालवावी, ही सदिच्छा."



"रागावले का ते?" मी विचारलं.

"रागावले नाई. त्याईची माय तेरा दिवसानं हासली म्हने. वर्षश्राद्धाले बलावलं आपल्याले, सहकुटुंब." बाबांनी चष्मा काढला. "कढी गरम ठेवतो म्हने."

"मग पुणे?" ताईने विचारलं.

"जाऊ दे तिले. बोलते पोरगी, आता मले फिकर नाई." मग बाबांनी हात पुढे केला. "फक्त तो पेन इथं ठेवून जाय."