म्हसोबापुढचे मोर

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती भर दुपारची. रात्रीच्या अंधाराची भीती मला नोकरीत कधी वाटली नाही. त्या रानातल्या दुपारची मात्र वाटली.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावाने आपली उजाड टेकडी राखली होती. एका म्हातारीने घरोघर फिरून, प्रसंगी भांडून, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करवून घेतली. पळस, धावडा, खैर पुन्हा उभे राहिले. ससे आले, मोर आले. ठाण्यात आम्ही तिला 'मोरवाली बाई' म्हणायचो. ऐन पेरणीत तिचा फोन आला, "साहेब, रानात मोर मरायलेत. लवकर या."

हवालदाराला घेऊन गेलो. रानात शिरलो तर एक पाखरू बोलेना. माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड, आणि त्याच्याभोवती मोर-लांडोरी पडलेल्या, माना देवाकडे. ना जखम, ना फासा. हवालदार गडी दांडगा, पण हळूच म्हणाला, "साहेब, हे आपल्या कलमात बसत न्हाई." त्याला दरडावलं खरं, पण काटा माझ्याही अंगावर आला होता.

वनविभागाला कळवून पंचनामा केला, पक्षी तपासणीला पाठवले. पशुवैद्यांनी तोंडी सांगितलं, विषबाधा. आमचं ऐकतो कोण? गावात एकच बोलणं, "म्हसोबाला रान कोंडलेलं आवडलं न्हाई. चराई खुली करा, न्हाईतर उद्या माणसं मरतील." त्यासाठी ग्रामसभा ठरली. एकदा शेळ्या आत गेल्या की टेकडी पुन्हा बोडकी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हातारी माझ्यापुढे रडली. "लेकरासारखं वाढवलंय मी ते रान. सभेच्या आत माणूस धरा, साहेब."

खबऱ्याने एका शेळीवाल्याचं नाव सांगितलं. चराईबंदीमुळे त्याला शेळ्या विकाव्या लागल्या होत्या, बाईवर तो खार खाऊन होता आणि हल्ली रोज मूठ झाकून एकटाच टेकडी चढायचा. मला आणखी काय हवं होतं? उचलून ठाण्यात आणला.

"विष कुठून आणलंस?"

"म्हसोबाची आन, साहेब! मी तर त्याची मनधरणी करायलोय." त्याने हात जोडले. तळवे लालभडक.

"हे काय लागलंय?"

"बी हाय. पेरणीची पहिली मूठ म्हसोबाला टाकायची रीत हाय आमच्यात. देव कोपला म्हणून आता रोज टाकायलोय. समदं गावच टाकायलंय."

"कसलं बी?"

"पिशवीतलं. दवा लावलेलं."

मी खुर्चीतून उठलोच. पूर्वी घरचं बी असायचं, पाखरं देवापुढचे दाणे टिपून उडून जायची. आता बी पिशवीतलं आणि वर विषारी औषधाचा लाल थर. ते दाणे मीही पाहिले होते, पण शेंदराच्या देवापुढे लाल काही दिसलं तर शंका कुणाला येते? मोर मेले म्हणून गाव घाबरलं आणि घाबरून जास्त मुठी टाकू लागलं.

शेळीवाल्याला जीपमध्ये पुढे बसवून ग्रामसभेला नेलं. कुणी त्याच्यावर धावून जायच्या आत म्हणालो, "आधी सगळ्यांनी आपापले तळहात दाखवा." हात वर झाले. सगळे लाल. पिशवीतल्या बियाचं लाल औषधच मोरांना मारतंय, हे मी सांगितलं. शेवटी म्हातारीने हात वर केला. सर्वांत गडद लाल तिचा. मोर वाचावेत म्हणून दिवसातून दोनदा मूठ टाकायला जायची ती.

"म्हंजे मीच मारले व्हय, साहेब?"

मी तिचा तो हात धरून खाली घेतला.

तपासणीच्या अहवालातही तेच निघालं. गुन्हा कुणावर लावणार? रान बंदच राहिलं आणि देवाची मूठ घरच्या ज्वारीची झाली. शेळीवाल्याची मी माफी मागितली. सबंध नोकरीत मी वैर हुंगत फिरलो. श्रद्धेनेही जीव जातो, हे त्या गावाने शिकवलं.

निवृत्तीनंतर एकदा गेलो. टेकडीवर मोर ओरडत होते. म्हातारीने प्रसादाचं खोबरं पुढे केलं. घ्यायच्या आधी माझी नजर तिच्या तळहातावर गेली. तिच्या ते लक्षात आलं.

"धुतलेत, साहेब," ती म्हणाली.