गाडीच्या मानेचा जोड

आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, हळद शिजवायचे ड्रम, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे येईल ते मी करतो. वीसेक वर्षांत एकाही जोडाला मी घाबरलो नव्हतो. जोड मारायचा, ग्राइंडर फिरवायचा, वरून काळा रंग फासायचा आणि गिऱ्हाईक मोकळं करायचं. मग मी स्वतःसाठी एक मोटारसायकल बनवली आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

हौस जुनी होती. नांदेडला ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांच्या शेडमध्ये एक मोडकी साडेतीनशे सीसीची गाडी पडून असायची. तेव्हापासून डोक्यात होतं की आपण अशी एक गाडी घ्यायची आणि ती आपल्या मनासारखी करायची. पुढून लांब, मागून बुटकी, टाकी हातानं ठोकलेली. चाळिशी उलटल्यावर कळमनुरीच्या एका भंगारवाल्याकडे तसली गाडी कागदपत्रांसकट मिळाली. दोन वर्षं मी तिच्यात रमलो. पत्रा ठोकून टाकी केली, मडगार्ड कापले, सीट तीनदा बनवली. बायको म्हणायची, "सवत आणली तुमी घरात, अन् ती पण लोखंडाची." पण रंग तिनंच निवडला. वांग्याचा असतो तसा जांभळा. मला काळा हवा होता. माझं काही चाललं नाही.

आता त्या जोडाविषयी. गाडी पुढून लांब करायची तर हँडल ज्या जाड नळीतून फिरतं, ती नळी मागे कलती करावी लागते. तिला आम्ही मान म्हणतो. तिच्यावर कोरलेला चेसिस नंबर तेवढा जपला आणि मान कापून नव्या कोनात पुन्हा जोडली. जोड अर्ध्यावर आला आणि लाईट गेली. हळदीला पाणी द्यायचे दिवस होते, अशा दिवसांत आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो. दीड तासानं आली. तोवर लोखंड पार गार झालं होतं, आणि गार जोडावर तसंच पुढं मारलं की आत चीर राहू शकते. उस्ताद असते तर म्हणाले असते, "पूरा काट, फिरसे मार." मला हे माहीत होतं. तरी मी जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं जोड मारला, कारण समोर दोन गिऱ्हाइकं गेटसाठी ताटकळत उभी होती आणि मी चिडलेलो होतो. वरून ग्राइंडर मारला. ग्राइंडर मारला की सगळे जोड सारखेच दिसतात. त्यावर जांभळा रंग चढला, आणि ती अर्ध्या अंगठ्याएवढी जागा जगात फक्त मला माहीत राहिली.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा दुकानासमोर गर्दी झाली. लोकांनी फोटो काढले. कुणी म्हणालं, असली गाडी हिंगोलीत पण न्हाई. मी हसून मान डोलवत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की खड्ड्यात गेल्यावर तो जोड सुटला तर पुढचं चाक वेगळं आणि माणूस वेगळा. मी एकटाच चालवून पाहायचो, चाळीसच्या वर कधी नेली नाही. प्रत्येक आवाजाकडे कान. साखळी वाजली तरी मला मानच वाजल्यासारखी वाटायची. सकाळी शटर उघडलं की आधी छोट्या हातोडीनं मानेवर टकटक करून ऐकायचो. आवाज चांगला यायचा. माझा विश्वास बसायचा नाही.

बायकोला तिच्यावर बसून औंढ्याला दर्शनाला जायचं होतं. मी आधी म्हणालो, मागं बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दांडे बसवायचे आहेत. ते बसवल्यावर म्हणालो, टायर नवा घेऊ. टायर आला तेव्हा सीट नरम करायची निघाली. तिनं दोन महिने विचारलं आणि मग विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं. शेजारणी तिला म्हणाल्या होत्या की नवऱ्यानं गाडी एकट्यासाठीच बनवली, सीट तर बघ केवढीशी. तिनं मला हे सांगितलं नाही, बहिणीला फोनवर सांगत होती तेव्हा मी ऐकलं. तिला वाटत होतं मला तिला मागे बसवायची लाज वाटते. खरं सांगावं तर मला तिच्या जिवाची धास्ती होती. पण ते सांगायचं म्हणजे आपलं काम कच्चं आहे हे कबूल करायचं, आणि तेवढं माझ्यानं होत नव्हतं.

फेब्रुवारीत हळद काढणी सुरू झाली. हळदीच्या दिवसांत ती पंधरा बायांची टोळी घेऊन रोजानं जाते. गेल्या सालापासून काम एकाच मालकाकडे आहे, त्याची ट्रॉली सकाळी आमच्या दुकानासमोर येते आणि बाया तिथूनच चढतात. एका सकाळी ती डबा घेऊन ट्रॉलीची वाट बघत बाहेर आली आणि तिनं मला पकडलं. मी मानेला कान लावून हातोडी मारत होतो.

"हे काय करून राहिले तुमी रोज?" ती म्हणाली. "गाडीला ताप आला का?"

मला हसू आलं नाही. आणि का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. लाईट गेली, लोखंड गार झालं, मी तसाच जोड मारला, म्हणून तुला बसवत नाही.

तिचा चेहरा आधी सैल पडला. इतके दिवस मनात धरलेलं काही तरी सुटलं असावं. मग ती एकदम म्हणाली, "अन् आमच्या ट्रॉलीची कडी?"

"कंची कडी?"

"आमी रोज जिच्यात बसून जातो ती ट्रॉली. तिच्या दांडीची कडी मागच्या साली तुमीच जोडून दिली नं? तवा लाईट गेली व्हती का न्हाई?"

ट्रॉलीच्या दांडीला पुढं जाड कडी असते, तिच्यातून ट्रॅक्टरची पिन जाते. सगळा भार तिच्यावर. मी आठवायला लागलो. माझ्या गाडीच्या मानेचा जोड मला मिनिटामिनिटानं आठवत होता, कोण समोर उभं होतं, कुठं हात थांबला. या कडीचं काहीच आठवेना. कधी जोडली, सकाळी का दुपारी, काही नाही. असल्या कड्या मी किती जोडल्या असतील.

तेवढ्यात हॉर्न वाजला आणि ट्रॉली आली. बाया चढायला लागल्या. मी तोंड उघडलं. ड्रायव्हर वरून बघत होता, रस्त्यावर लोक होते. माझी कडी कच्ची असंल, उतरा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि चढून बसली. ट्रॉली गेली.

मी दुकानात येऊन वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला, खाली ठेवला. पुलाच्या अलीकडचा उतार डोळ्यांसमोर आला. उतारावर कडी सुटली तर भरलेली ट्रॉली थांबवणार कोण? मला माझी अशी किळस आली की आजही आठवलं तर अंग चोरतो. दुकान उघडंच टाकलं, गाडीला किक मारली आणि निघालो.

पूल ओलांडून कच्च्या रस्त्याला लागल्यावर पुढं धुळीत ट्रॉली दिसली. बाया नीट बसलेल्या होत्या, एक जण काही तरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. तेव्हा माझं लक्ष खाली मीटरकडे गेलं. काटा सत्तरवर होता. रस्त्यातले सगळे खड्डे मी तसेच मारत आलो होतो. मानेची मला एकदाही आठवण झाली नव्हती.

शेतात ट्रॉली थांबल्यावर मी कडीखाली शिरलो. ड्रायव्हरच्या पेटीतला पेचकस घेऊन जोडावरचा रंग आणि गंज खरवडला. उस्तादांनी एक युक्ती शिकवली होती, ड्रमचे जोड तपासायची. रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. जोडात चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूतून वर येतं. आता रॉकेल कुठं मिळतं? ट्रॅक्टरमधलं डिझेल घेतलं. लोखंडावर खुणा करायचा खडू माझ्या खिशात कायम असतो.

ड्रायव्हर म्हणाला, "काय हो मिस्तरी, ट्रॉलीला पावडर लावून राहिले का?"

बाया हसल्या. बायको हसली नाही. ती वाफ्यात न जाता माझ्या शेजारी बसून राहिली. आम्ही दोघं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होतो. आधी काहीच नव्हतं. मग खडूवर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण बोटाच्या पेराइतकी लांब.

मी बाहेर आलो. म्हणालो, "हा जोड माझा हाय. कच्चा हाय. यात कुणी बसू नका."

मला वाटलं होतं शिव्या बसतील. एक म्हातारी बाई पुढं आली, वाकून ती रेघ पाहिली आणि म्हणाली, "आमी साल झालं बसून राहिलो हिच्यात." ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुपारी काम उरकेपर्यंत मी तिथंच थांबलो, मग बाया पायी निघाल्या. चार-पाच किलोमीटरची वाट. मी गाडी चालू केली आणि बायकोला म्हणालो, बस.

"मान तपासली का?"

"न्हाई. पण सत्तरनं आलो मी, काही झालं न्हाई."

"ट्रॉलीला पण साल झालं काही झालं न्हवतं," ती म्हणाली आणि बायांबरोबर चालू लागली. मी गाडी बंद केली आणि त्यांच्या मागं ढकलत घरापर्यंत आलो. साडेतीनशे सीसीची गाडी उन्हात ढकलणं म्हणजे काय, ते माझ्या पाठीला विचारा.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचं मशीन शेतात नेऊन, मालकाच्या बोअरच्या लाईनवर, ती कडी पूर्ण कापली आणि नव्यानं जोडली. मालकानं फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलंच होतं, मी उलट बोललो नाही. मग घरी येऊन माझ्या गाडीच्या मानेवरचा वांगी रंग खरवडला. बायको समोर पाट टाकून बसली होती. डिझेल, फडकं, खडू. अर्धा तास झाला तरी खडू पांढराच राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की ज्या जोडासाठी मी इतके दिवस झुरलो तो पक्का निघाला, आणि जो मला आठवतही नव्हता त्याच्यावर सोळा जणी बसत होत्या.

आम्ही अजून औंढ्याला गेलो नाही. गाडीच्या मानेवर जांभळ्यात एक उघडा पट्टा तसाच आहे, मी रंगवला नाही. सुट्टीच्या दिवशी ती मागे बसते, तिच्या मांडीवर पिशवी असते, पिशवीत डिझेलची बाटली आणि खडू. गावोगाव जाऊन मी जोडलेल्या कड्या आम्ही शोधतो. लोक म्हणतात, मिस्तरीचं डोकं फिरलं. बऱ्याच सापडल्या, त्यातल्या दोन पुन्हा जोडाव्या लागल्या. काही ट्रॉल्या विकल्या गेल्या, कुठं गेल्या ते कुणाला सांगता येत नाही.

नांदेड रस्त्यावर बायांनी भरलेली ट्रॉली दिसली की तिचा हात माझ्या खांद्यावर पडतो. मी गाडी त्या ट्रॉलीच्या मागं लावतो.