हळदीचा रंग

गिरण्यांचा संप कधी मिटला असं कोणी विचारलं, तर आमच्या घरात अजूनही एकच उत्तर मिळतं. तो मिटला नाहीच, लोक थकले एवढंच. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. संपात सुरुवातीला ते रोज गेटवर जायचे, मग नुसते नाक्यापर्यंत जायला लागले, आणि शेवटी चाळीच्या गॅलरीतल्या बाकड्यावर बसून राहिले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका, संप चालू असतानाच बायकापोरांना घेऊन मालवणकडे गावी निघून गेले. मी माटुंग्याच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतली आणि काही वर्षांनी अशा नोकरीला लागले, जी कोणाला सांगून कळायची नाही. मी होलोग्राम बनवायची.

"म्हणजे फोटोच ना गं?" लालबागच्या समस्त बायकांनी मला हे विचारून झालंय. मी आधी समजावून सांगायची, नंतर "हो, फोटोच" म्हणायला लागले. काचेवर पॉलिमरचं पातळ द्रावण ओतून वाळवायचं, की त्याचा एक थर तयार होतो. ही काच वस्तूसमोर धरायची आणि लेझरचा प्रकाश टाकायचा. प्रकाशाने तो थर आतून जागोजागी घट्ट होतो, आणि मग साध्या दिव्याखाली काचेच्या आत वस्तू उभीच्या उभी दिसते. मान वळवली तर तिची कडसुद्धा दिसते. परदेशी तयार फिल्म आमच्या मालकांना परवडत नसे, म्हणून थर आम्हीच ओतायचो. अट एकच होती: प्रकाश पडत असताना काहीही हलता कामा नये. जरा हादरा बसला की काच कोरी.

म्हणून मालकांनी एका बंद गिरणीतली शेड भाड्याने घेतली होती. जाड फरशी, जाड भिंती, आणि आत हलणारं काहीही उरलेलं नाही. ती बाबांचीच गिरणी होती. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आमचे साचे थांबले म्हणान तुमचां काम चलता." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हवापाण्याचं बोलावं तसं बोलले.

मग काकांचा निरोप आला. गावचं घर नव्याने बांधून झालंय, देव न्यायला येतो. आमच्या देव्हाऱ्यात, गावचं घर पडकं म्हणून काकांनी मागे ठेवलेले, चांदीचे दोन टाक होते, बोटभर उंचीचे, एक कुळदेवीचा आणि एक घराण्यातल्या मूळ पुरुषाचा. देव थोरल्याच्या घरी, हा रिवाज. त्यावर वाद घालायची आमच्यात पद्धत नाही आणि आईनेही घातला नाही. पण संपात पूजा तिनेच केली होती. नैवेद्याला गूळ नसायचा तेव्हाही देवांची आंघोळ चुकली नव्हती, आणि तिने लावलेल्या हळदीने ती चांदी कायमची पिवळसर पडली होती. रात्री भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "तुज्या त्या मशीनीत माजे देव घे. कागदावरचे नको. कडेन बगलां तर कडेन दिसाक होये." मग भाकरी तव्यावर टाकून, "आणि पिवळे होये. हळदीचे."

डब्याच्या पिशवीतून देव न्यायला तिने साफ नकार दिला. लाल फडक्यात गुंडाळून बाबाच ते घेऊन आले. संपानंतर त्यांनी त्या गेटच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. म्हाताऱ्या वॉचमनने हात उचलला, बाबांनीही उचलला. शेडमध्ये आल्यावर ते फरशीतली बोल्टांची भोकं बघत बघत चालले आणि एका जागी थांबले. "हंय माजे साचे होते." तिथून दोन हातांवर आमचं टेबल होतं. स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवलेली दगडाची लादी, म्हणजे जमिनीचा हादरा वर पोचू नये. देव मेणात रोवले, समोर काच बसवली, आणि मी बाबांना सांगितलं की आता हलायचं नाही, बोलायचं नाही.

साचेखात्यात एवढा खडखडाट असायचा की शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू जात नसे. सगळे हाताच्या खुणांनी बोलायचे. पंजा उघडा ठेवून मनगट फिरवलं म्हणजे "झालं?", मूठ मिटली म्हणजे "झालं". बाबा घरीही तसंच बोलायचे, जेवण झालं का हे आम्हाला कधी तोंडाने विचारलेलं आठवत नाही. त्या दुपारी, सुई पडली तरी ऐकू येईल अशा त्याच शेडमध्ये, लेझरच्या हिरव्या उजेडात बाबा स्टुलावर ताठ बसले होते. प्रकाश बंद झाल्यावर त्यांनी हळूच मनगट फिरवलं. मी मूठ मिटली. मग पुढची काच बसवली. अशा काही काचा घेतल्या, कारण रंगाच्या नादात निम्म्या वाया जाणार हे मला माहीत होतं.

हिरव्या लेझरने घेतलेलं चित्र हिरवंच येतं. त्याला पिवळं करायचं तर थर फुगवावा लागतो. द्रव्यात मुरवलेली दुसरी एक फिल्म त्यावर दाबून मंद आचेवर ठेवायची, म्हणजे तिच्यातलं द्रव्य झिरपून थर फुगतो, आणि रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लाल होत जातो. डाळ भिजवण्यासारखंच ते. त्यातून मुंबईची दमट हवा, कालचा अंदाज आज चालत नाही.

पहिली काच नुसती दाखवायला म्हणून हिरवीच घरी नेली. आई म्हणाली, "अगो, हे देव की कारली?" दुसरी फुगवली ती जास्तच फुगली. "हे तापान फणफणले मगो." तिसरी भट्टीतच तडकली. कामावरून यायचं, परत नवी काच दाखवायची, परत तेच ऐकायचं. मला त्या देवांचा कंटाळा आला होता, हे लिहायला आता काही हरकत नाही. पण तो रंग शेवटी लागला. देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काढून मी साधा बल्ब लावला आणि काच त्याच्या उजेडाखाली ठेवली. आईने पुढून पाहिलं, कडेने पाहिलं. नावं ठेवली नाहीत. डोक्यावर पदर घेऊन तिने हात जोडले, तेव्हा मला कळलं की जमलं.

थरावर दुसरी काच चिकटवून कडा बंद करायचं काम राहिलं होतं, पण काका ठरल्यापेक्षा आधीच येऊन थडकले. जुन्या देवांनी नव्यांना बघूनच निघायचं, असा आईचा हट्ट. मी म्हटलं, "राहू दे. पण सोमवारी मी काच परत नेणार. तोवर पाणी लावू नकोस, थर उघडा आहे." "नाय लावणां गो," ती म्हणाली. रविवारी काकांनी देव नेले. आईने त्यांच्या हातावर दही घातलं, गाडीत खायला घावणे बांधून दिले, आणि एक टिपूसही काढलं नाही.

सोमवारी सकाळी मी वेणी घालत होते. मागून आईचा आवाज आला, "अगो, अगो, बघ हे!" काच तामणात होती आणि तिच्या हातात पळी होती. थर पाणी पिऊन फुगत गेला तसे पिवळे देव नारिंगी झाले, लाल झाले, मग गडद झाले, आणि काचेत काहीच उरलं नाही. मी ओरडले. चांगलीच ओरडले. ती म्हणाली, "न्हाणयल्याशिवाय देव कसले? फोटो झाले ते." आणि मग, काका गेल्यावर जे आलं नव्हतं ते रडू तिला आलं.

मी कामावर खाडा केला. काच पंख्याखाली उभी करून आम्ही दोघी समोर बसलो. दुपारकडे एका कोपऱ्यात लाल उमटलं. देवीची कड दिसली, मग मूळ पुरुषाची. लालाचं नारिंगी झालं आणि नारिंगीचं बरोब्बर ते पिवळं, हळदीचं. "थांबय! थांबय गो आता!" आईने माझा दंड धरला. मी पंखा बंद केला, पण थर काय पंख्याचं ऐकतो? मी मुरवलेलं द्रव्य सकाळच्या पाण्याने धुऊन नेलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत पिवळा ओसरला, आणि देव मूळच्या हिरव्यावर येऊन थांबले, पहिल्यापेक्षा जरा मंद.

मी म्हटलं, "परत फुगवून बघते." माझ्या अंगात त्राण नव्हतं आणि ते तिला दिसलं असावं. तिने काच पदराने पुसायला घेतली, मग आठवून पदर मागे घेतला, आणि काच देव्हाऱ्यात ठेवली.

"रवांदे," ती म्हणाली. "संप करून जे घराक परत इले, ते तरी खंय पयल्या रंगार इले?"

बाबा गॅलरीच्या दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. पंजा उघडून त्यांनी मनगट फिरवलं. मी हात उचलायच्या आधी आईने मूठ मिटली.