हेल्पलाइनवर मीच

माझी कशी फजिती झाली ते विचारू नका. म्हणजे विचाराच, कारण शेवटी जिंकलो मीच!

लोअर परळला आमचं ऑफिस. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारी कंपनी. मेकॅनिक लोकांना कंपनीने मोबाइल दिले, तर पठ्ठे त्यावरून सासरवाडीशी गप्पा मारत बसायचे! मी तिथला आयटीवाला, अजून प्रोबेशनवर. साहेब म्हणाले, "नाईक, हे बंद कर. चार वाजता मोठ्या साहेबांना करून दाखव, कायम करतो तुला."

केलं की! कंपनीच्या एकूण एक फोनवरून आता फक्त ग्राहकांना फोन लागणार. दुसरा कुठलाही नंबर फिरवा, स्क्रीनवर पाटी: 'परवानगी नाही. अडचण असल्यास हेल्पलाइनला फोन करा.' व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा उडवलं. पळवाट म्हणून ठेवली नाही!

चारच्या आधी जरा भाषणाची तालीम करावी म्हणून गच्चीवर गेलो. मागे दार धाडकन बंद झालं आणि आतून लॉक पडलं. मी हसलो. खिशात कंपनीचा फोन होता ना! साहेबांना लावला. परवानगी नाही. वॉचमनला? परवानगी नाही. मग हेल्पलाइन. रिंग वाजली आणि वाजतच राहिली. वाजणारच हो! हेल्पलाइन म्हणजे माझ्याच टेबलावरचा फोन, आणि तो उचलणारा मी गच्चीवर! आता काय, शीवच्या एखाद्या ग्राहकाला सांगू, 'काकू, फिल्टरचं राहू द्या, आधी मला सोडवा'?

शेवटी कठड्यावरून वाकून वॉचमनला हाका मारायला लागलो. समोरच्या चाळीच्या गॅलरीतून एक आजी किंचाळल्या, "अरे झिला, उडी मारू नको रे!"

"आजी, उडी नाही मारत! फोन लागत नाहीये!"

"फोन लागणा नाय म्हणून कोण जीव देता काय?" आणि लगेच खाली, माझ्या दुप्पट आवाजात, "ओ वॉचमन! तुमचो माणूस उडी मारता!"

बघता बघता अख्खं ऑफिस गच्चीवर. पुढे साहेब, मागे धापा टाकत मोठे साहेब. म्हटलं, संपलं. गेली नोकरी.

"नाईक, फोन करता येत नव्हता?" साहेब ओरडले.

"नाही ना सर! मीच बंद केलाय."

मोठ्या साहेबांनी माझा फोन हिसकावला आणि स्वतःच्या घरचा नंबर फिरवला. परवानगी नाही. पुन्हा फिरवला. तेच! त्यांचा चेहरा असा काही खुलला म्हणता! "वा! जीव जायची वेळ आली तरी लागत नाही? याला आजच कायम करा!"

गच्चीवर टाळ्या! समोर आजीही टाळ्या वाजवत होत्या, कशाबद्दल ते देव जाणे. मला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या आनंदात तिथल्या तिथे आईला फोन लावला.

परवानगी नाही.

"काय रे झिला," आजींनी समोरून विचारलं, "लागलो काय फोन?"